बाईंसाठी बाजूला काढलेलं दिल

झुरळाच्या हृदयाला तेरा कप्पे असतात. माझ्या लेकीला देवानं चारच दिले, आणि तेबी धड चालू दिले न्हाईत.

आज शैला जाऊन वर्ष झालं.

मला लिहाय-वाचाय येत न्हाई. मी बोलतीय, तिची लेक मुग्धा टाइप करतीय.
मुग्धे, रडू नको. फोन भिजंल.

शैला कॉलेजात प्राण्यांचं शिकवायची. घरातबी तेच.
मी झुरळावर चप्पल उगारली की वरडायची, "आई, थांब! त्याचं रक्त नळ्यांतनं फिरत न्हाई, अंगात मोकळंच खेळतं. लालबी नसतं."
"बघूच की मग," म्हणून मी हाणायची.

मासा चिरायला बसले की ही हजर.
"माशाला दोन कप्पे. बेडकाला तीन, त्यात चांगलं-वाईट रक्त मिसळतं. कोंबडीला आपल्यासारखे चार."
"व्हय मास्तरीणबाई. आता रस्सा करू का तळू, तेवढं सांगा."

वर्षातनं एकदा वर्गात हृदयाचा धडा यायचा. तवा मला घेऊन बावड्यातल्या मटणाच्या दुकानात जायची.
लोक अर्धा किलो मागायचे. ही म्हणायची, "बोकडाचं दिल द्या. नळ्या कापू नका, लांब ठेवा."

एकदा त्या दिलाचा डबा चुकून जावयांच्या बॅगेत गेला. ऑफिसात चारचौघांत झाकण उघडलं त्यांनी!
अजून डबा उघडायच्या आधी हलवून बघत्यात.
आता कशाला हलवत्यात, कुणास ठाऊक.

एकदा मोरीत बसून मलाबी दाखवलं तिनं. दिलाच्या नळीतनं पाणी ओतलं.
"बघ आई, आत गेलं. आता मागं येत न्हाई. झडप मिटली."

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी सकाळी म्हणाली, छातीत जळजळतंय.
"दवाखान्यात चल."
"ॲसिडिटी हाय गं. प्रॅक्टिकल उरकून येते."
हृदयाचंच प्रॅक्टिकल हुतं.
आली न्हाई.

परवा मी एकटीच त्या दुकानात गेले. का गेले, विचारू नका.
दुकानदारानं वळखलं. त्याला काय म्हायतीच न्हवतं.
"आज्जी, बाई कुठं हायत? धड्याची वेळ झाली न्हवं? रोज एक बाजूला काढून ठेवतोय."

सांगायचं हुतं. तोंडातनं निघालं, "येतीया की. कामात हाय जरा."

त्यानं पिशवी हातात दिली. "नळ्या लांब ठेवल्यात म्हणावं बाईंना."

घरी येऊन मोरीत बसले. पाणी ओतलं.
आत गेलं. मागं आलं न्हाई.

आता फ्रीजमधी हाय. शिजवू कसं? टाकू कसं?
मुग्धा विचारती, "आज्जी, काय करायचं ह्याचं?" मला काय ठावं? कशाचं काय करायचं ते सांगणारी गेली की.

आख्ख्या कोल्हापुरात त्या एका दुकानात माझी लेक अजून कामात हाय. तिकडं कुणी गेलासा तर त्याला काय बोलू नका.

शैला, नळ्या लांब ठेवल्यात गं त्यानं.
जा बाई आता. आईचा शेवटचा रामराम घे.