दातारबाईंचं अंदमान

सरकारी ऑफिसात काम किती व्हायचं ते विचारू नका, पण किस्से मात्र आपोआप साठत जातात. मुद्दाम कुणी जमवत नाही. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की एखादा निघतो, त्याच्या मागून दुसरा. नाशिकरोडच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी गेली. साहेबांचे, बढत्यांचे, बदल्यांचे किस्से आता धूसर झालेत. पक्के लक्षात राहिलेत ते समुद्राचे. आता नाशिकला समुद्र कुठला, असं तुम्ही विचाराल. तेच तर दुखणं होतं!

डब्याला आम्ही चौघं. हेडक्लार्क पगारे, सगळे नियम ज्यांना तोंडपाठ. सोनवणे, वयाने सगळ्यांत मोठे, नामपूरकडचे, गावाकडे कांद्याची शेती. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या दातारबाई. आणि मी, निकमबाई. या किश्शांमध्ये मी बहुतेक ठिकाणी जळताना दिसेन. दिसू द्या.

* * *

चार वर्षांतून एकदा सरकार आम्हाला सहकुटुंब भारतात कुठेही जाऊन येण्याचं भाडं द्यायचं. एल.टी.सी. म्हणायचे त्याला. लोक काशीला जायचे, रामेश्वरला जायचे, फार तर काश्मीर. त्यापुढे कुणाचं डोकं चालत नव्हतं.

माझ्या खुर्चीच्या मागे भिंतीवर भारताचा मोठा नकाशा होता, आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यावर कायम कुठल्या तरी किराणा दुकानाचं कॅलेंडर. एकदा रंगकामासाठी ते कॅलेंडर काढलं. पगारे चहाचा कप घेऊन तिथे उभे होते. त्यांनी विचारलं, हे ठिपके कसले? दातारबाईंनी चष्मा लावून वाचलं, अंदमान.

पगाऱ्यांनी कप माझ्या टेबलावर ठेवला आणि निकाल देतात तसं म्हणाले, "म्हणजे भारतातच की!"

सगळं ऑफिस माझ्या खुर्चीमागे गोळा झालं. मीही मान वळवून बघितलं. त्या बेटांकडे पाठ करून मी इतकी वर्षं बसले होते, आणि तिथे जायची रजा त्याच दिवशी चार वाजता दातारबाईंनी मागितली.

* * *

आमच्याकडे एक रीत होती. कुणी यात्रेहून आलं की पहिल्या दिवशी सगळ्यांनी त्याच्या पाया पडायचं. रजा नाही, भाडं नाही, बसल्या जागी पुण्य. काशीवाल्यांच्या, चारधामवाल्यांच्या मी आनंदाने पाया पडले होते.

दातारबाई महिन्याने परत आल्या तेव्हा पंचाईत झाली. अंदमान ही यात्रा धरायची की सहल? जाताना त्या सेल्युलर जेल बघायला जातो असं सांगून गेल्या होत्या. पगाऱ्यांनी बराच विचार केला, पण त्यांना याबद्दलचा नियम आठवेना. शेवटी सोनवणे उठले आणि सरळ वाकले. त्यांच्यासारखा माणूस वाकल्यावर आम्ही कोण?

वाकता वाकता मी नीट बघून घेतलं. महिनाभर उन्हातान्हात वाळूत हिंडलेलं माणूस काळवंडून येतं. बाई चांगल्या उजळून आल्या होत्या, आणि बारीकही झाल्या होत्या. मी तोंडाने म्हटलं, समुद्राची हवा मानवली हो तुम्हाला! दिवसभर टायपिंगमध्ये माझ्या चुका होत राहिल्या.

पगाऱ्यांनी विचारलं, जेल कसं आहे? बाई म्हणाल्या, प्रत्येकाने पाहिलंच पाहिजे. आणि लगेच बीचवर आल्या.

* * *

त्या ज्या बीचवर आल्या त्या पुढची दोन-तीन वर्षं उठल्याच नाहीत.

रोज डब्याला अंदमान. पहिला नंबर कॉर्बिन्स कोव्ह, दुसरा वंडूर, तिसरा चिडिया टापू. कॉर्बिन्स कोव्हला अगदी पहाटे जायचं म्हणे. तिथे बारीक खेकडे रात्रभर वाळूच्या गोळ्या वळून ठेवतात, बुंदी सांडल्यासारख्या. एक माड इतका झुकलाय की त्याच्या शेंड्याखालून जाताना माणूस आपोआप डोकं खाली घालतं. वंडूरला पाण्याचा आवाज येतच नाही, जवळ जाऊन बसलं तर नुसता कुणी झोपेत श्वास घेतल्यासारखा येतो. चिडिया टापूला सूर्य बुडताना आधी पाणी काळं होतं आणि आभाळ मागाहून.

ऐकताना माझी पोळी हातातच राहायची. इतकं छान सांगायच्या, आणि म्हणूनच जास्त राग यायचा. वाईट सांगितलं असतं तर मी कौतुकाने ऐकलं असतं.

एकदा सोनवण्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, ताक पिऊन झालं, आणि विचारलं, "ते पानी खारं शे ना बाई? मंग काय कामनं?"

त्या दिवशी मी माझ्या डब्यातली गुळपोळी अख्खी त्यांना देऊन टाकली.

* * *

घरी मी आमच्या ह्यांच्या मागे लागले. हे शाळेत गणित शिकवायचे. माणूस सज्जन, पण नाशिकच्या बाहेर काही असतं हे यांना मनापासून पटलेलं नव्हतं. सगळा देश आंघोळीला रामकुंडावर येतो, आपण बाहेर कशाला जायचं, असं ते विचारायचे. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला रामकुंड आणि त्र्यंबकेश्वर दाखवून आणणं हाच आमचा प्रवास.

फारच धुसफूस झाली तेव्हा एका रविवारी म्हणाले, चल, तुला बीचवर नेतो. आणि स्कूटरवरून मला गंगापूर धरणावर नेलं. काठावर सतरंजी अंथरली, ओली भेळ काढली आणि म्हणाले, पाणी आहे, वारा आहे, आता डोळे मीट.

मी मिटले. खोटं कशाला बोलू, जरा बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "अगंबाई, निकमबाई!" दातारबाई पुण्याच्या बहिणीला धरण दाखवायला घेऊन आल्या होत्या. सोबत मिस्टर दातार, हातात थर्मास. सहकारी बँकेत कॅशियर होते ते. मोजून बोलायचे, म्हणजे नोटांपेक्षाही काळजीपूर्वक. बाईंनी आमची सतरंजी पाहिली, खालचे खडे पाहिले आणि बहिणीला म्हणाल्या, वंडूरची वाळू मात्र अशी टोचत नाही हं.

येताना मी स्कूटरवर एक शब्द बोलले नाही. ह्यांनी घरी आल्यावर विचारलं, भेळ तिखट होती का?

* * *

मग पगारे निघाले. बायको, दोन मुली, सासूबाई आणि प्रेशर कुकर. मी त्यांना निरोप देताना मनात एकच इच्छा धरली होती, दातारबाईंचं काहीतरी खोटं निघू दे. माड सरळ निघू दे, खेकडे नसू देत.

परत आल्यावर पगाऱ्यांनी डबा उघडायच्या आधी साक्ष दिली. शब्द न शब्द खरा. माड तिथेच, तेवढाच झुकलेला. गोळ्या तशाच. फक्त एका बाबतीत आपलं मत वेगळं आहे, ते म्हणाले. पहिला नंबर वंडूर. तिथल्या सावलीत मिसेस पगाऱ्यांनी खिचडी लावली, आणि असा बीच होणे नाही.

दातारबाईंचा चेहरा उतरला. कॉर्बिन्स कोव्ह ही जणू त्यांच्या घरची मुलगी, आणि पाहुण्यांनी तिला नापसंत केलं. त्यांनी वंडूरला पहाट नसते, दुपारी ऊन लागतं, अशी कारणं दिली. पगाऱ्यांनी खिचडी सोडली नाही. दोन दिवसांत ऑफिसात दोन पार्ट्या पडल्या. आवक-जावक कॉर्बिन्स कोव्हकडे, अकाउंट्स वंडूरकडे. ज्यांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता ते एकमेकांशी बोलेनासे झाले. अकाउंट्सने आवक-जावकला चहा पाठवणं बंद केलं.

शेवटी साहेबांनी सोनवण्यांना मध्यस्थ नेमलं. सोनवण्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि सांगितलं, जिथे ज्याच्या बायकोला बरं वाटलं तो त्याचा पहिला नंबर.

सगळे हसले. मिटलं. दातारबाई तेवढ्या हसल्या नाहीत, त्या उठून पाणी प्यायला गेल्या. मला वाटलं, हरल्या म्हणून.

* * *

आमचे हे कसे तयार झाले, तो वेगळाच किस्सा. मी रुसून बघितलं, रडून बघितलं, काही उपयोग झाला नाही. मग ह्यांच्या शाळेतले भूगोलाचे सर अंदमानला जाऊन आले आणि स्टाफरूममध्ये समुद्र सांगायला लागले. रोज! मधल्या सुट्टीत! आठवड्याभरात हे घरी आले, चप्पल काढली आणि म्हणाले, "आपण कधी निघायचं?"

मला जे वर्षानुवर्षं होत होतं ते ह्यांना एका आठवड्यात झालं, आणि त्यांचं औषध लगेच निघालं.

* * *

तर आम्ही गेलो. मद्रासहून जहाज. मला काही बोट लागली नाही, मी डेकवर उभी राहून सगळं बघत गेले. कॉर्बिन्स कोव्ह पाहिला, वंडूर पाहिला, चिडिया टापू पाहिला. आमच्या टूरची बस प्रत्येक ठिकाणी भर दुपारी पोचायची. खेकड्यांच्या गोळ्या पायांनी तुडवल्या गेलेल्या होत्या. चिडिया टापूला सूर्य बुडायच्या आत टूरवाल्यांनी शिट्टी वाजवली. माड मात्र होता. हे त्याच्याखालून गेले, डोकं आपटलं.

बाकी सगळीकडे हे शेजारी उभे होते. मी विचारायचे, कसं वाटतंय? हे म्हणायचे, छान आहे. पाणी स्वच्छ आहे.

वाईट काहीच नव्हतं. तरी मला सारखं वाटत होतं की दातारबाईंचं अंदमान अजून पुढे कुठेतरी आहे, आणि आमची बस तिथे जातच नाहीये.

परत आल्यावर ऑफिसात रीतसर सगळे माझ्या पाया पडले. पण दातारबाई रजेवर होत्या, आणि त्या वाकल्याशिवाय माझं पुण्य पुरं व्हायचं नव्हतं. म्हणून रविवारी शंखशिंपल्यांची माळ घेऊन मी देवळाली कॅम्पला त्यांच्या घरी गेले. बाई पुण्याला बहिणीकडे गेलेल्या. मिस्टर दातारांनी दार उघडलं, बसा म्हणाले, आणि स्वतःच चहा ठेवला.

त्यांच्याशी काय बोलायचं हा प्रश्नच होता. मी माळ टेबलावर ठेवली आणि म्हटलं, बाईंनी सांगितलं होतं तसं काही आम्हाला दिसलं नाही हो. त्या वाळूच्या गोळ्या तर नाहीच.

"त्याला फार पहाटे जावं लागतं," ते स्वयंपाकघरातून म्हणाले. "मी उजाडायच्या आधी निघायचो."

मी विचारलं, आणि बाई?

ते दारात आले. हातात गाळणं होतं.

"तिने सांगितलं नाही तुम्हाला? ती कुठली येते! जहाजातच ताप भरला, तो तिथून निघेपर्यंत उतरला नाही. खोलीतून बाहेर पाऊल टाकलं नाही तिने. आणि खिडकी उघडली तर समोर भिंत. मग मी जाऊन यायचो आणि तिला सांगायचो."

मी विचारलं, काय सांगायचात?

"दिसेल ते," ते म्हणाले. "पण ती फार विचारते हो. एकदा म्हणाली, होडीत पोरं होती ना, मग होडीचा रंग कुठला? माझं लक्षच नव्हतं. परत गेलो बघायला."

आत चहा उतू गेला, तसे ते धावले.

मी चहा घेतला, कपबशी विसळून ठेवली आणि निघाले. देवळाली कॅम्पहून नाशिकची बस मिळाली, खिडकीजवळ जागाही मिळाली. दातारबाईंवर मी पुष्कळ वर्षं जळले होते, पण त्या बसमध्ये जेवढी जळले तेवढी त्याआधी कधीच नाही.

घरी आले तर हे पेपर वाचत बसलेले. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. समोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हटलं, "अहो, अंदमानला तुम्ही काय काय पाहिलंत, मला सांगा ना."

ह्यांनी पेपर खाली केला आणि माझ्याकडे बघितलं.

"अगं, तू होतीस की बरोबर."