लांब रोल आणि लाल खिडकी

माझं मुरबाडला मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. वायर एकतर जोडलेली असते नाहीतर तुटलेली, मधलं काही नसतं... अशा धंद्यात अर्धं आयुष्य गेलं. कोणी झपाटण्याच्या, अंगात येण्याच्या गोष्टी सुरू केल्या की मी रेडिओचा आवाज वाढवतो. हे आधीच सांगतोय, म्हणजे पुढचं वाचून मला भोळा समजू नका.

नाद एकच — फिल्मचे जुने कॅमेरे. बायको त्यांना सरळ ‘भंगार’ म्हणते. त्यातल्या एका घडीच्या कॅमेऱ्याला पाठीमागे, अगदी मधोमध, लाल काचेची बारीक खिडकी आहे. साध्या रोलच्या पाठीला कागद असतो. त्यावरचे नंबर या खिडकीतून बघत किल्ली फिरवून रोल पुढे सरकवायचा. मला मात्र कुठूनतरी मुदत संपलेला लांब रोल मिळाला. फोटो दुप्पट, पण पाठीला कागदच नाही! म्हणजे खिडकीतून उजेड थेट फिल्मवर. म्हणून खिडकी बंद करायची आणि किल्ली अंदाजाने मोजत फिरवायची.

खिडकीवर मी काय लावावं? दुकानातली वायरची काळी चिकटपट्टी. उन्हात तिचा गोंद पाघळतो हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो, पण स्वतःच्या वेळी अक्कल गहाण!

दिवाळी नुकतीच झाली होती. धसईच्या बाजारात फोटो काढत हिंडत होतो. तिथे करांदे, म्हणजे रानातले कंद, विकायला बसलेल्या यमुनाबाईंनी हाक मारली. जवळच्याच वाडीवरच्या. त्यांचा पंखा मी एकदा दुरुस्त केला होता.

“भाऊ, ह्यो कागदावरचा फोटू काढतो ना? माज्या पोरीचा, सोनीचा एक काढा. उद्या सकालीच इटांच्या भट्टीवर कामाला चाललीय, सासरच्यांसंगं.”

“मावशी, मोबाईलवर काढतो की, लगेच दिसेल.”

“मोबाईलमंदला नको. तिच्या बापाचा एकच फोटू व्हता, मोबाईलमंदीच. मोबाईल पान्यात पडला न् समदा गेला. मानूस बी गेला, फोटू बी गेला. आता तोंड आठवाया गेली तर नीट आठवत नाय.”

तसाच त्यांच्याबरोबर वाडीवर गेलो. सोनी नवी साडी नेसून दारात उभी राहिली. लाजत होती, हसतही होती. “नीट बघ गो समोर,” आई ओरडली. मी चेहरा बरोब्बर मधोमध धरला आणि खटका दाबला. परतताना रस्त्यावर दोन-तीन फोटो काढून रोल संपवला.

घरी येऊन बघतो तर पट्टी गायब! पिशवीच्या तळाशी चिकटलेली सापडली. कधी पडली देव जाणे. बाजाराचे फोटो गेले खड्ड्यात, पण सोनी आता पावसाळ्याच्या तोंडावर परत येणार. यमुनाबाईंना काय सांगू?

रोल घरीच धुऊन फोटो कागदावर उतरवले. बाजाराच्या प्रत्येक फोटोत मधोमध रुपयाएवढा पांढरा डाग, उजेडाने जाळलेला. रस्त्याच्या फोटोंतही तसाच. म्हणजे सोनीच्या वेळीही खिडकी उघडीच होती.

आणि सोनीचा चेहरा मात्र स्वच्छ. केसांवर फक्त एक पांढरी चीर, तिरपी. मधला बाकीचा उजेड कोणीतरी मागून बोट ठेवून अडवावा तसा अडलेला.

माझा उजवा हात खटक्यावर होता, डावा कॅमेऱ्याच्या खाली. पाठीमागे कोणी नव्हतं. बायको म्हणाली, “तुमचाच अंगठा गेला असेल.” म्हणून दुसरा रोल घालून मुद्दाम खिडकीवर अंगठा ठेवून पाहिला. कितीही खाली सरकवला तरी कड गोलच येते. तिरपी सरळ रेघ अशी येतच नाही.

फोटो घेऊन वाडीवर गेलो. चिरेबद्दल माफी मागितली, मागची उघडी खिडकी दाखवली, कोणीतरी अंगठा ठेवल्यासारखं झालंय म्हणालो. यमुनाबाईंनी फोटो हातात घेतला. मग त्या चिरेवर नख टेकवलं.

“तेचा आंगठा असाच व्हता. कोयत्यानं उडालेला, तिरपा.”

मी वाकून ती चीर पुन्हा बघितली.

“भट्टीवर ही झोलीत निजायची ना, तवा तोंडावर ऊन आलं का तो असा हात धरून बसायचा. मी बोलायची, कामाला चल. उठायचा नाय.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “मावशी, ती चीर कापून नवीन फोटो करून देतो.”

गोंद पाघळला हे कळतं, डाग कसे पडले तेही कळतं. त्या एका फोटोची निगेटिव्ह मात्र मी आजही दिव्यासमोर धरून बघतो. यमुनाबाईंनी फोटो पदराखाली घेतला.

“कापू नको रे भाऊ. तेचा तेवढाच फोटू हाय.”