महिन्याचे छत्तीस फोटो

माझ्या आत्याला सगळे फोटोबाई म्हणत. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची, आणि एक्स-रेला एक्स-रे म्हणतंय कोण? "छातीचा फोटो काढून आणा," असं डॉक्टर सांगत आणि पेशंट चिठ्ठी घेऊन तिच्या दारात उभे राहत. एखादी बाई फोटोसाठी म्हणून केस विंचरून, पावडर लावून यायची. आत्या हसायची नाही. शिशाचा जड एप्रन अंगावर चढवून म्हणायची, "श्वास घ्या... धरून ठेवा... हं, सोडा."

लग्न तिनं केलं नाही. ती आणि आजी, दोघीच तिसऱ्या मजल्यावर राहत. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा, सिमेंटच्या कारखान्यात फिटर. आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, गाडीनं दोन दिवसांच्या अंतरावर. दर पंधरवड्याला आत्याचं पत्र यायचं: 'आई ठणठणीत आहे. काळजी नसावी.' आणि एक दिवस तार आली. बाबा पोचले तोवर सगळं उरकलं होतं. आजी तीन महिने अंथरुणाला खिळून होती, हे त्यांना शेजारणीकडून कळलं.

"ताई, तू मला खोटं लिहीत होतीस?"

"आईनं शपथ घातली होती रे. तुझी नोकरी नवी..."

"बास. यापुढे मला पत्र नको. एक ओळसुद्धा नको."

बाबा बोलले ते रागाच्या भरात. आत्यानं मात्र ते अक्षरशः पाळलं. महिनाभर काहीच आलं नाही. मग एक जाडजूड पाकीट आलं. आत छत्तीस फोटो आणि खरोखरच एक ओळ नाही. कुठल्याशा डॉक्टरांचा जुना कॅमेरा घेऊन तिनं अख्खा रोल संपवला होता, आणि धुऊन आले तसे सगळे पाठवून दिले होते. हललेले, अंधारलेले, काही न निवडता, काही न वगळता.

तेव्हा मी चार वर्षांची होते. त्यानंतर दर महिन्याला पाकीट यायचं आणि रविवारी सकाळी बाबा ते फोटो टेबलावर ओळीनं मांडायचे. उष्ट्या भांड्यांनी भरलेलं सिंक. अर्धी मांजर. आत्याचाच अंगठा. एक्स-रेच्या खोलीबाहेरचं बाकडं. स्वयंपाकघरातली ओल तर आम्ही महिन्यागणिक वाढताना पाहिली. बाबा म्हणायचे, "मागच्या खेपेला बदक होतं, आता उंट झालाय." आणि शेवटी कधीतरी बाल्कनीतला आजीचा निवडुंग, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात लावलेला. आजी त्याला मुका भाडेकरू म्हणायची. ना फूल, ना तक्रार.

आईला या फोटोंची लाज वाटे. "वन्संना जरा आवरून फोटो काढायला काय होतं?"

"आवरलेलं तीन महिने वाचलं की मी," बाबा म्हणत.

सुट्टीत आम्ही आत्याकडे जायचो. बहीणभाऊ हसूनखेळून असत, पण आजीचा विषय दोघंही काढत नसत. अशी नऊ वर्षं गेली.

मग एका मार्चच्या पाकिटात तो निवडुंग फुलला. छत्तीसपैकी तेवीस फोटो त्याचेच. आधी केसाळ कळी, मग बशीएवढं पांढरं फूल, दुपारी मिटायला लागलेलं, दुसऱ्या दिवशी ओल्या रुमालासारखं लोंबणारं. मी आणि आई तर नाचायच्याच बाकी होतो. बाबा मात्र फोटोंवर वाकून राहिले.

"सगळे डावीकडे कललेत," ते म्हणाले.

"घाई असेल," आई म्हणाली.

"नऊ वर्षांत तिचा फोटो हललेला असेल, तिरका कधी नव्हता." फिटरची नजर ती, सूतभर फरक सोडायची नाही. त्यांनी काड्यापेटी डाव्या हातात धरून बघितली, अंगठ्यानं खोटं बटण दाबलं. पेटी कलली. "हिचा उजवा हात चालत नाहीये."

त्याच दिवशी रजा टाकून ते निघाले. माझी परीक्षा संपली होती, म्हणून मलाही सोबत नेलं. आत्यानं दार उघडलं ते डाव्या हातानं. उजवा मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. जिन्यात पाय घसरला होता.

"कळवलं का नाहीस?" बाबा दारातच ओरडले.

"कळवलं की. छत्तीसच्या छत्तीस पाठवले."

"त्यात हाताचा फोटो कुठाय?"

आत्यानं कपाटावरून एक्स-रेची काळी फिल्म काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. "हा घे. पाकिटात मावेना, मी तरी काय करू?"

बाबा हसायला लागले. हसता हसता खुर्चीत बसले आणि त्यांनी चेहरा झाकून घेतला. मला वाटलं, अजून हसतायत. आत्या त्यांच्या शेजारी बसली. फिल्म मांडीवर ठेवून ती म्हणाली,

"आईच्या छातीचा फोटो मीच काढला होता. 'श्वास धर' म्हटलं तर तिला धरवेना. फिल्म ओली होती तेव्हाच मला दिसलं, डॉक्टरांच्याही आधी. घरी येऊन तुला पत्र लिहिलं, ठणठणीत आहे म्हणून. मला तेवढंच लिहिता आलं रे."

बाबांनी तिचा डावा हात हातात घेतला. "एकटीनं पाहिलंस," एवढंच म्हणाले.

आम्ही अठरा दिवस राहिलो. बाबा भांडी घासत, जिन्याला कठडा बसवत, आणि दोघं आजीबद्दल बोलत. तिची बोलणी, तिचा कंजूषपणा, तिची घोरण्याची तऱ्हा. मी तेवढं हसणं त्या घरात आधी ऐकलं नव्हतं.

प्लास्टर निघालं तरी पाकिटं थांबली नाहीत. निवृत्तीनंतर बाबांनी आत्याच्या समोरच्याच इमारतीत घर घेतलं, तरी ती पाकीट आणून द्यायचीच.

"अगं, समोर तर राहतो. येऊन बघेन की."

"तू येणार म्हटलं की मी आवरते," आत्या म्हणायची.

आज दोघंही नाहीत. बाबांचे समारंभातले पुष्कळ फोटो आहेत माझ्याकडे, इस्त्रीच्या शर्टात ताठ उभे, श्वास धरून ठेवल्यासारखे. पण आठवण आली की मी त्या एप्रिलचं पाकीट काढते. आत्यानं डाव्या हातानं काढलेले ते फोटो सगळे तिरके आहेत. एकात बाबा गुडघ्यापर्यंत पँट दुमडून फरशी पुसतायत आणि मागे वळून काहीतरी सांगतायत, तोंड अर्धवट उघडं. काय सांगत होते ते आठवत नाही. मी तिथेच दारात उभी होते, फोटोच्या कडेला माझी वेणी आली आहे.