नाव कमी

"तो काय म्हणाला? जसंच्या तसं सांगा," डॉक्टर वॉल्टर म्हणाले.

रोह्याजवळच्या कातकरवाडीत लहूच्या अंगणात आम्ही बसलो होतो. वॉल्टर अमेरिकेतले प्राध्यापक, स्वतः काळे. तिकडच्या काळ्या मुलग्यांना शाळेत काय अनुभव येतो, हा त्यांचा विषय. दुसऱ्या देशांतल्या मुलांशी ते ताडून बघत होते. मी प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक. इंग्रजी बरं म्हणून गटशिक्षणाधिकारी साहेबांनी मला इंटरप्रिटर म्हणून जुंपलं होतं. लहू माझाच विद्यार्थी. चौथी पास, पाचवीत शाळा सुटलेला. आता कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर माती उचलायचा.

शाळा का सोडली, एवढंच वॉल्टरांनी विचारलं होतं.

लहू माझ्याकडे बघून म्हणाला, "मी नाय सोडली. भट्टीवरनं आलो, तवा तुमीच बोललात, तुजा नाव कमी केलाय. मला वाटला, कातकऱ्याचा नाव कमीच, हलका. मंग परत नाय आलो."

अरे देवा! आमच्या खात्यात 'नाव कमी करणे' म्हणजे गैरहजर मुलाचं नाव पटावरून काढणे. अर्ज केला की परत घेतात. दिवाळीनंतर वाडी कोळसाभट्ट्यांवर जायची आणि मी लाल शाईने नावं कमी करायचो. दरवर्षी! अर्जाचं मात्र कुणाला बोललो नव्हतो.

इंग्रजीत नुसतं 'स्ट्रक ऑफ', पटावरून काढलं, म्हणून निभावलं असतं. पण लहूची नजर हटेना. मी सगळं सांगितलं, तो शिक्षक मीच हेसुद्धा.

वॉल्टरांचं पेन थांबलं. "मुलाला शाळेतून घालवायला तुम्हाला तर शिवीसुद्धा द्यावी लागली नाही," ते म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विषय बदलायला मी म्हटलं, "लहू, कंपनीत परमनंट भरती आहे ना? अर्ज दिलास?"

"चौथीचा दाखला मागतात. नाव कमी, तर दाखला कोन देल?"

"अरे, नाव कमी केलं तरी दाखला मिळतो! ऊठ, चल शाळेत!"

दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. तिथे 'सतत गैरहजर' लिहायची रीत. माझा हात चालेना. शेवटी लिहिलं, 'शिक्षकाने नीट सांगितले नाही.' साहेबांनी नंतर मेमो दिला.

लहू तो कागद घेऊन कंपनीच्या गेटवर गेला. भरती आदल्याच आठवड्यात बंद झाली होती. तो कॉन्ट्रॅक्टवरच राहिला.

शब्दांचे अर्थ शिकवायचा मी पगार घेत होतो. दोनच शब्दांचा सांगायचा राहिला.