शेवट सारखा असलेले पाच शब्द

आबा डिक्शनरीचं पान उलटायचे ते बोटाला थुंकी लावून. मी ओरडले की बोट पायजम्याला पुसायचे आणि पुढचं पान पुन्हा तसंच. "सवय हाय, म्याडम. आता जाती व्हय?"

भोरच्या आमच्या वाचनालयात म्हातारे पुष्कळ येतात. तुम्हीही पाहिले असतील, पेपर कमी वाचतात आणि पंख्याखाली जास्त बसतात. भाटघरहून एसटीने येणारे आबा मात्र थेट इंग्रजी डिक्शनरी मागायचे. शिक्षण सातवी. मला आधी हसूच यायचं.

कारण कळलं आणि हसू पळालं. त्यांची एकुलती लेक आजारपणात गेली होती. जावयाने दुसरं लग्न केलं. "त्याचं काय चुकलं न्हाई. पोरीला आय पायजेच," आबा म्हणायचे. नात पुण्यात, इंग्रजी शाळेत. दर रविवारी फोन व्हायचा, पण "जेवलीस का"च्या पुढे दोघांनाही काही सुचत नसे. मग तिनेच शाळेतला खेळ काढला. तिने शब्दाचा शेवट सांगायचा आणि आबांनी पुढच्या रविवारपर्यंत तसाच शेवट असलेले पाच इंग्रजी शब्द शोधायचे. आजोबा आणि नात एवढ्यावरच टिकून होते.

एकदा 'शन' आला. आबा भलतेच खूश. "हे शब्द तर आमच्या गावातलेच की! पेन्शन, टेन्शन, इलेक्शन, कनेक्शन..." मी म्हटलं, "पाचवा ऑपरेशन घाला."

ते थांबले. "त्यो नगं. तिला आय आठवंल." मग त्यांनी स्टेशन लिहिलं.

'हॅपीनेस'मधल्या 'नेस'ने मात्र घाम काढला. डिक्शनरी लावलेली शब्दाच्या सुरुवातीप्रमाणे. शेवट शोधायचा तर पान न् पान वाचायला हवं. शनिवार उजाडला तरी तीनच शब्द झाले होते. मला कुलूप लावायची घाई होती. मी वैतागून मोबाईल काढला, 'नेस' टाकलं आणि शेकडो शब्द समोर आले. त्यातले चाळीस भराभर कागदावर उतरवून दिले. आबा लहान मुलासारखे बघत राहिले.

सोमवारी विचारलं, "काय म्हणाली नात?"

"इचारलं, आबा, हे मोबाईलवरचे का? म्या व्हय म्हनलं."

"आणि आताचा शेवट कुठला दिला?"

"न्हाई दिला."

पुढच्या रविवारी तिचा क्लास होता, त्याच्या पुढच्या रविवारी कुणाचा तरी वाढदिवस. आबा तरी येत राहिले. "वाचून ठिवतो. कवा काय इचारंल, सांगता येत न्हाई." मला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

थंडीत आबा गेले. तेराव्याला मी भाटघरला गेले. नात वडिलांशेजारी बसली होती. मी वाचनालयातली आहे हे कळल्यावर ती उठून माझ्याजवळ आली.

"आबा खरंच रोज शब्द शोधायला यायचे?"

"रोज."

"मग त्या वेळी मोबाईलवरून का काढले? मला वाटलं, त्यांना माझा कंटाळा आला. म्हणून मी पुढचा दिलाच नाही."

मोबाईल माझा होता आणि घाईही माझीच होती. एवढं सांगितलं असतं तरी त्या पोरीला जन्मभर पुरलं असतं. मी म्हणाले, "तसं नसतं गं," आणि दाराशी चपला शोधायला लागले.