लुगडं ट्रकवर गेलं तेव्हा

माझी जुनी धोतरं द्यायची सोडून मी बायकोच्या कोऱ्या लुगड्याचं गाठोडं देऊन आलो! पूर्व बंगालातल्या लढाईतून पळून आलेल्या निर्वासितांसाठी कोरेगावच्या बाजारात मदत समितीचा ट्रक भरत होता. बायकोला कळायच्या आत मी परत धावलो. ट्रक घुरघुरत होता, माणसं गाठोडी झेलत होती. वर एक मिशाळ, निवृत्त फौजी दातांनी सुतळी ओढून गाठी मारत होता. मी लुगडं मागितलं. त्यानं ते शोधून हातभर उलगडलं आणि त्याचे डोळे चमकले.

“आवं, नऊवारी हाय! तिकडं दोघी बाया नेसतील. काढू का माघारी?”

“ऱ्हाऊ द्या,” मी ऐटीत म्हणालो. घरी येईपर्यंत ऐट उतरली होती.

बायकोनं सगळं ऐकलं आणि ट्रंक उघडली. “नेसतील खऱ्या, पण चोळ्यांचं काय? आवं, बघताय काय? ह्या घ्या आन् पळा, ट्रक सुटंल!”