ओढ्याचं नाव झाकायचं राहिलं

गौडेन्सिया लुअंबानो या बाईशी माझं कधी पटलं नाही, आणि पटवून घ्यायची गरजही नव्हती. ती गोनी जमातीची, मी बेना जमातीचा. आमचे पूर्वज एकमेकांच्या उरावर बसले, म्हणून आमच्यात उतानी. म्हणजे मी तिला वाट्टेल ते बोलावं, तिने मला बोलावं, आणि रागावेल तो मूर्ख. शिक्षकांच्या खोलीत मी शिरलो की ती म्हणायची, बेना आला, बटाटे लपवा. मी म्हणायचो, तुम्ही लोक दक्षिणेहून इतकं चालत आलात ते आमच्या गाई चोरायलाच ना? मग एकाच ताटातली मक्याची उगाली खायचो.

मी गणित शिकवायचो, ती इतिहास. पण कसला इतिहास! सुट्टी लागली की ही बाई बस धरून दार-एस-सलामला जायची, सरकारी दप्तरखान्यात बसून जर्मनांच्या वेळचे कागद हाताने उतरवायची आणि मिशनमधल्या म्हाताऱ्या फादरकडून त्यांचं स्वाहिली करून घ्यायची. हौसेने केलेली हमाली, दुसरं काय. वर्गात पुस्तक बंद. पोरांच्या हातात कागद. हा कुणी लिहिला? कुणाला खूश करायला? जबाब देणाऱ्याच्या मागे बंदूक घेऊन कोण उभं होतं? पोरं अशी भांडायची की भिंतीपलीकडे माझी समीकरणं कुणाला ऐकू यायची नाहीत. मी चिडायचो. खरं सांगतो, हेवाही वाटायचा.

एक पथ्य मात्र ती पाळायची. कागदातल्या आपल्या माणसांची नावं ती पट्टी चिकटवून झाकायची. मेलेले गेले, पोरांना या गावातच राहायचंय, असं तिचं म्हणणं.

त्या वर्षी तिने एक जबाब आणला, जर्मनांविरुद्धचा उठाव मोडल्यानंतरचा. गावाने धान्य कुठे पुरलंय ते मी जर्मनांच्या शिपायांना दाखवलं, असं एका माणसाने जर्मन साहेबापुढे सांगितलं होतं. शिपायांनी ते जाळलं. मग जो दुष्काळ पडला त्याबद्दल आमच्या भागात अजून कुणी मोठ्याने बोलत नाही. गौडेन्सियाने त्या माणसाचं नाव झाकलं. पुढे 'मकुंगा ओढ्यावर राहणारा' असं होतं, ते तसंच राहिलं. ती दुसऱ्या खोऱ्यातली, लग्न होऊन इथे आलेली. त्या ओढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या एकच घर आहे, हे तिला काय ठाऊक!

त्याच घरची कांदिदा वर्गात होती. शाळेचं शेवटचं वर्ष. फेस्तो हाउले नावाच्या पोराने ओढ्याचं नाव वाचलं, मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि झालं. दुपारपर्यंत तिला 'शिपायांची वाटाडी' असं नाव पडलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आठवडा गेला तरी नाही. परीक्षा तोंडावर आलेली, आणि त्या घरातून इथवर पोचलेली ही पहिलीच मुलगी.

गौडेन्सिया तिच्या घरी गेली तर दार लागलं. पुन्हा गेली, पुन्हा लागलं. बाईने अन्न टाकलं. कागदांची पेटी माझ्यापुढे आपटून म्हणाली, जाळून टाक हे, पुढच्या वर्षीपासून पुस्तक वाचून दाखवीन. टोमणा माझ्या जिभेवर आला होता, पण तिच्याकडे पाहून तो गिळला.

"मी गेले की माफी मागणार, आणि त्यांना ती द्यायची नाही," ती म्हणाली. "ते माझ्यासारखेच गोनी, तुझी त्यांच्याशी उतानी आहे. तू जा."

गेलो. अंगणात शिरलो तो थेट कांदिदाच्या आजोबांच्या, म्हणजे दामासी म्हाताऱ्याच्या स्टुलावर बसलो. त्यांची मक्याची दारू न विचारता ओतून घेतली आणि म्हणालो, काय हे घर, गोनी असून चोरीची एकही गाय दिसत नाही! म्हातारा ओठ आवळून बसला होता, शेवटी फसकन हसला. मग मी बाईची दशा सांगितली, जाळायला काढलेल्या पेटीचं सांगितलं, आणि विचारलं, तुमच्या आजाने धान्य खरंच दाखवलं का? दुसऱ्या कुणी हे विचारलं असतं तर पाठीत काठी बसली असती.

"दाखवलं," ते म्हणाले. "बायको आणि तान्हं पोर शिपायांच्या तळावर बांधून ठेवलं होतं. ते पोर म्हणजे माझा बाप."

कांदिदा दारात उभी होती. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. मी स्टुलावरून उठलो, आणि बेनाने आपण होऊन जागा सोडली म्हणून म्हाताऱ्यालाही चुकल्यासारखं झालं.

"त्या बाईला सांग, जाळू नको," स्टुलावर बसत ते म्हणाले. "नावावरची पट्टी काढ म्हणावं, आणि खाली माझंही लिहून घे. मग पोरगी येईल."

गौडेन्सिया धावतच गेली. इतकी वर्षं मेलेल्या साहेबांचे शब्द उतरवणारी बाई जिवंत माणसाचा जबाब पहिल्यांदाच लिहीत होती. लिहिलेलं वाचून दाखवायची, म्हातारा म्हणायचा, असं नाही म्हणालो मी, की पुन्हा खोडायची. ऊन उतरेपर्यंत दोघं भांडत होते.

कांदिदा आली त्या दिवशी मी माझा वर्ग वाऱ्यावर सोडला आणि इतिहासाच्या वर्गात मागे जाऊन बसलो. तिने आधी जर्मनांचा कागद वाचला, नावासकट. मग आजोबांचा. बायको, तान्हं पोर, तळ, सगळं. कुठेही थांबली नाही. फेस्तो खिडकीबाहेर बघत होता. शेवटी आजोबांनी सांगितलं होतं: 'आमच्या घराला आता कोण मुलगी देणार, असं वाटलं होतं. ज्यांची माणसं त्या दुष्काळात मेली, त्यांनीच मुली दिल्या आणि आमच्या मुली सुना करून नेल्या. ती घरं अशी.'

पहिलं नाव हाउले. फेस्तोची मान गर्रकन वळली. मग म्बानो, मग कोम्बा, मग न्चिम्बी. एकेका नावासरशी बाकांवर चुळबुळ व्हायची. गौडेन्सिया फळ्याकडे तोंड करून उभी होती, तिचे खांदे हलत होते, आणि माझीही नजर धड नव्हती. नावं संपली तेव्हा त्या वर्गात कांदिदाला परकं असं एकही पोर उरलं नव्हतं.

ती जागेवर बसली. फेस्तो उठला, दप्तर घेऊन तिच्या बाकापाशी गेला आणि म्हणाला, "सरक."

ती लगेच सरकली नाही. त्याला तसंच उभं ठेवलं. मग सरकली.